रॅपमधली शिवी नेमकी कोणाला लागते?

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात रॅप गाणाऱ्या तरुणांवर एकामागून एक गुन्हे नोंदले गेले. पहिलं नाव गाजलं ते छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेचं. आदल्या वर्षी, जून २०२२ मध्ये, राज्यातलं सरकार पडलं होतं. ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर, फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा घुमली होती. मुंगासेने तोच धागा उचलून ‘चोर आले’ असं सांगणारं रॅप केलं. त्यात एकाही नेत्याचं नाव नव्हतं. तरीही अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात त्याच्यावर बदनामी, हेतुपुरस्सर अपमान आणि समाजात तेढ पसरवणं या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. पाठोपाठ मुंबईत उमेश खाडेचा नंबर लागला. त्याच्या ‘भोंगळी केली जनता’ या रॅपवरून वडाळा टी. टी. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं अश्लीलतेचं कलम ६७ सुद्धा लावलं गेलं. राजकारणाने सामान्य माणसाच्या अंगावरचे कपडेही ठेवले नाहीत, हे सांगायला आलेला बोलीतला एक शब्द पोलिसांना अश्लील वाटला.

त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत परवानगीशिवाय चित्रित केलेला एक रॅप व्हिडिओ पसरला. त्यात उघड शिव्या होत्या, शस्त्रं होती. विद्यापीठाने तक्रार केली आणि चतुःशृंगी पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

बातम्यांत ही तिन्ही प्रकरणं ‘आक्षेपार्ह रॅप’ या एकाच मथळ्याखाली आली. खरं तर तिन्ही वेगवेगळी आहेत. एकात सत्तेवर आरोप आहे, दुसऱ्यात जनतेच्या हालाचं नागडं वर्णन आहे, तिसऱ्यात उघड शिवी आहे आणि जागेच्या गैरवापराचा स्वतंत्र मुद्दाही आहे. आपल्याकडची चर्चा या तिन्हींची सरमिसळ करते. मग एक बाजू ‘संस्कृती बुडाली’ म्हणते आणि दुसरी ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ म्हणते. शिवी गाण्यात येते कुठून, करते काय आणि कायदा तिच्याकडे कसा बघतो, हे मात्र कोणी फारसं उलगडून सांगत नाही.

ब्राँक्स ते धारावी

हिपहॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानला जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवताना गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा घोळवला. त्या तालावर बोलणारा माणूस पुढे रॅपर झाला. हा ब्राँक्स म्हणजे महामार्गासाठी उकरलेला, घरमालकांनी सोडून दिलेला, जळक्या इमारतींचा भाग होता. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं ‘द मेसेज’ आलं आणि वस्तीचं वास्तव हाच रॅपचा विषय असू शकतो, हे जगाला कळलं.

शिवीचा मोठा वाद त्यानंतरचा. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन. डब्ल्यू. ए. या गटाने पोलिसांना थेट शिवी घालणारं गाणं काढलं. कृष्णवर्णीय तरुणांना रस्त्यात अडवून झडती घेणाऱ्या पोलिसांवर त्यात एक लुटुपुटूचा खटला चालवला आहे. १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. एका गाण्यावरून देशाच्या तपास यंत्रणेने पत्र लिहावं ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्या पत्राने गाण्याची प्रसिद्धी आणखी वाढली. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशाने ‘टू लाइव्ह क्रू’ या गटाचा अख्खा अल्बम अश्लील ठरवला. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. पालकांच्या दबावातून अल्बमवर इशाऱ्याची चिठ्ठी लावायची पद्धतही याच काळात रुळली. शिवीवर बंदी न घालता ऐकणाऱ्याला आधी सावध करायचं, हा तोडगा तिथे टिकला. पुढे २०१८ मध्ये केंड्रिक लामारच्या अल्बमला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्या अल्बममध्ये शिव्या आहेत, आणि पुरस्कार देणाऱ्यांना त्या आड आल्या नाहीत.

मुंबईत हे लोण पोचलं ते कुर्ल्याच्या नेझी आणि अंधेरीच्या डिव्हाइन यांच्यामुळे. २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि धारावीतली पोरं घराघरांत पोचली. चित्रपटाच्या झगमगाटात ‘स्वदेसी’ या गटाचं काम मात्र अनेकांच्या नजरेतून सुटलं. आरे जंगलातली झाडं मेट्रो कारशेडसाठी तोडली जाणार होती, तेव्हा या गटाने तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. गटातला एमसी मवाली मराठीतही रॅप करतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी वळणाची मराठी घेऊन आला. मराठी रॅप ही शहरी पोरांची नक्कल आहे, असं म्हणणाऱ्यांनी ही गाणी एकदा नीट ऐकावीत.

आपल्याकडे शिवीला जागा होती

महाराष्ट्राला ताल धरून सत्तेला सुनावणं नवं नाही. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीने संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटती ठेवली. संभाजी भगत आजही डफावर तेच काम करतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यावरून खटला चालतो. ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राज मुंगासेवरचा गुन्हा वाचताना हा चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही.

उघड शिवीलाही आपल्या लोकरीतीत राखीव जागा होती. कोकणातल्या शिमग्यात बोंबा मारायच्या, शिव्या द्यायच्या, गावातल्या बड्या धेंडाचं उणंदुणं त्या रात्री उघड काढायचं, अशी मुभा होती. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वाद्यं वाजत असतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. एरवी घरात ज्यांनी चढ्या आवाजात बोलायचं नाही, त्यांना वर्षातून एक दिवस पूर्ण मोकळीक. ही प्रथा कोणाला आवडो न आवडो, पण मनात साचलेलं बाहेर पडायला समाजाने वाट ठेवली होती, एवढं त्यातून दिसतं. मात्र त्या वाटेला मुदतही होती. शिमगा सरला, बार संपला, की जो तो आपल्या जागी परत. रॅपने ही मुदत मोडली. तो वर्षभर बोलतो, रेकॉर्ड करून बोलतो आणि लाखो लोकांपुढे बोलतो. सत्तेला बोचते ती हीच गोष्ट.

लिखित मराठीत हा स्फोट आधीच झाला होता. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. मुंबईच्या वेश्यावस्तीची, रस्त्याची, भुकेची भाषा त्यात जशीच्या तशी होती. प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तिथल्या शब्दांनी मध्यमवर्गीय वाचक हादरला. ज्यांना त्या वस्तीत कधी पाऊल टाकावं लागलं नाही, त्यांना शब्द घाण वाटले. त्या वस्तीतलं जगणं त्यांना तितकं घाण वाटलं नव्हतं. पुढे याच कवीला पद्मश्री मिळाली, साहित्य अकादमीने जीवनगौरव दिला. एका पिढीला जी शिवी वाटते ती पुढच्या पिढीच्या अभ्यासक्रमात जाते, हे मराठीने स्वतः अनुभवलेलं आहे.

तालावर शिवी काय करते

रॅपची रचना पाहिली की शिवीचं काम कळतं. एक सर्वसाधारण रॅप मिनिटाला नव्वद ठोक्यांवर चालतो असं धरू. चार ठोक्यांची एक ओळ, अशा सोळा ओळींचं एक कडवं. हिशेब केला तर अख्खं कडवं जेमतेम त्रेचाळीस सेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात रॅपरला प्रसंग उभा करायचा असतो, आपली बाजू मांडायची असते आणि ऐकणाऱ्याला जागेवर खिळवायचं असतं. प्रत्येक ओळीत दुसरा आणि चौथा ठोका जोरकस असतो, आणि यमक बहुधा चौथ्यावर पडतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने केली, गेली, मेली असं यमक सहज जुळतं. पण सहज जुळलेलं यमक बोथट असतं, कारण ऐकणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. तिथे अनपेक्षित, आघाती शब्द हवा असतो. आपल्या बहुतेक शिव्या दोन-तीन अक्षरांच्या, भ, झ, च, ग अशा ठसठशीत व्यंजनांच्या असतात. त्या ठोक्यावर बरोब्बर बसतात आणि ओळ झटक्यात संपवतात.

दुसरं कारण शरीराशी जोडलेलं आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बर्फगार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितलं. एकदा शिवी देत, एकदा साधा शब्द म्हणत. शिवी देताना लोकांनी हात जास्त वेळ पाण्यात ठेवला आणि त्यांना वेदनाही कमी जाणवली. शिवीने हृदयाचे ठोके वाढतात, शरीर सामना करायच्या पवित्र्यात येतं. वस्तीतल्या पोराने नोकरी नाकारली गेल्यावर, पोलिसाची थप्पड खाल्ल्यावर माइकसमोर शिवी हासडावी, यामागे नुसता उद्धटपणा नसतो. तो दुखणं सोसायचाही एक मार्ग असतो.

म्हणून ‘हेच शिवी न देता सांगता आलं नसतं का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कधी आलं असतं, कधी नसतं. सोफिया अश्रफने २०१५ मध्ये ‘कोडाईकनाल वोन्ट’ हे रॅप केलं. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याने कामगारांचं आणि जंगलाचं काय केलं, हे तिने युनिलिव्हर कंपनीचं नाव घेऊन सांगितलं. त्या गाण्याची ताकद शिवीत नव्हती, तपशिलात होती. लोकांच्या दीर्घ लढ्याला त्याने जगाचं लक्ष मिळवून दिलं आणि २०१६ मध्ये युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. शिवी हे निषेधाच्या पेटीतलं एक हत्यार आहे, एकमेव हत्यार नव्हे.

कायद्याची नजर

कायदा इथे काय म्हणतो, हे प्रत्येक गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असायला हवं. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हटलं तर भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९६ झालं. पण तेच गाणं इंटरनेटवर टाकलं आणि कलम ६७ लागलं, तर पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकात गायलं तर तीन महिने, मोबाइलवर टाकलं तर तीन वर्षं. आजचा रॅपर चौकात कमी आणि मोबाइलवर जास्त गातो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर मोठीच तलवार टांगलेली असते.

मात्र अश्लील म्हणजे काय, याची व्याख्या न्यायालयांनी हळूहळू आवळत आणली आहे. पूर्वी एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडची कसोटी चाले. मजकूर ज्यांच्या हाती पडेल त्यातल्या कोवळ्या मनांवर वाईट परिणाम होईल का, एवढंच त्यात बघत. २०१४ मध्ये ‘अविक सरकार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बाजूला सारली आणि आजच्या समाजाचे मापदंड लावून संपूर्ण कृती पाहावी असं सांगितलं. १९ मार्च २०२४ रोजी ‘अपूर्वा अरोरा’ खटल्यात न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेतल्या शिव्यांवरून गुन्हा नोंदवायचा आदेश झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. शिवराळपणा किळसवाणा वाटू शकतो, पण तो आपोआप अश्लील ठरत नाही. अश्लीलतेसाठी वासना चाळवण्याचा गुण असावा लागतो आणि रागाने दिलेल्या शिवीत तो नसतो, हा त्या निकालाचा गाभा. या कसोटीवर ‘भोंगळी केली जनता’ मधला शब्द अश्लील ठरणं कठीण आहे.

२८ मार्च २०२५ रोजी आणखी एक महत्त्वाचा निकाल आला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार आणि उर्दू शायर इम्रान प्रतापगढी यांनी एक कविता समाजमाध्यमावर टाकली म्हणून गुजरात पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. न्यायालयाने तो रद्द केला. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा शब्दांच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने मोजावा, असं बजावलं.

सगळेच निकाल मोकळीक देणारे नाहीत. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत छापली गेली आणि लातूरला खटला उभा राहिला. तो २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माफी मागितलेल्या प्रकाशकाची सुटका झाली, पण कवीने खटल्याला सामोरं जावं असं न्यायालयाने म्हटलं. ऐतिहासिक थोर पुरुषाच्या तोंडी असभ्य शब्द घालताना कवीला असलेली मुभा तोकडी पडते, असा त्याचा अर्थ.

अटकेचा बडगा एकाच पक्षाचं सरकार उगारतं असंही नाही. मे २०२२ मध्ये, आधीच्या सरकारच्या काळात, शरद पवार यांच्यावरची दुसऱ्याने लिहिलेली असभ्य कविता समाजमाध्यमावर टाकली म्हणून केतकी चितळे या अभिनेत्रीला अटक झाली. महिन्याहून जास्त काळ ती आत होती. ती कविता वाईट होती. पण वाईट कविता हा महिनाभर डांबून ठेवण्याजोगा गुन्हा नव्हे. हे त्या वेळी ज्यांनी म्हटलं नाही, त्यांचं मुंगासेसाठीचं अश्रू ढाळणं अपुरं आहे; आणि त्या वेळी जे ओरडले, त्यांनी मुंगासेवर गुन्हा नोंदवावा हेही तितकंच चूक.

शिवी खाली पडते तेव्हा

इथवर मी शिवीची बाजू घेतली. आता रॅपर मंडळींना न आवडणारी बाजू सांगतो. आपल्या बहुतांश शिव्या ज्याच्यावर राग आहे त्याला लागतच नाहीत. त्या त्याच्या आईला, बहिणीला लागतात. काही शिव्या तर जातीची नावंच असतात. आमदाराला शिवी घालताना अंगावर वार झेलते ती कोणी एक अनाम बाई. त्या बाईने काय केलं होतं?

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. बलात्काराची फुशारकी मारणाऱ्या एका गाण्यावरून लखनौच्या गोमतीनगर पोलीस ठाण्यात पोलीस अधिकारी अमिताभ ठाकूर यांनी गायक हनी सिंगविरुद्ध तक्रार नोंदवली. ते गाणं आपलं नाहीच, असं हनी सिंगचं म्हणणं होतं. त्याच्या इतर गाण्यांवरून नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यातही गुन्हा नोंदला गेला. या गाण्यांवर झालेली टीका कोणा सरकारला झोंबली म्हणून झाली नव्हती. मुली आणि बायका त्या गाण्यांना कंटाळल्या होत्या, घाबरल्या होत्या. दोन्ही प्रकारांत शब्द तेच असू शकतात, पण एक वर जातो, दुसरा खाली पडतो.

हा फरक कायद्यालाही ठाऊक आहे. चारचौघांत जातीच्या नावाने दिलेली शिवी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, कारण ती दुबळ्याला आणखी दाबते. समाजालाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. दंडाने भाषा बदलते का, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण भांडण दोन पुरुषांचं असताना अपमान बायकांचा का, हा गावाने विचारलेला प्रश्न शहाणपणाचा आहे. बंडाची भाषा बोलणाऱ्या रॅपने तो गावाच्या आधी विचारायला हवा होता.

तेव्हा रॅपमध्ये शिवी ऐकली की प्रत्येकाने एकच तपासावं: ही शिवी कोणाला लागते? वरच्याला लागत असेल तर ती सहन करणं हे सत्तेचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांनी तिथे गुन्हा नोंदवण्याआधी २०२४ आणि २०२५ चे निकाल वाचावेत. लहान मुलांच्या कानी पडू नये असं वाटत असेल तर गाण्यावर ठळक इशारा असावा. त्यासाठी तुरुंगाची गरज नाही. शिवी खालच्याला, बाईला, जातीला लागत असेल, तर ते बंड नव्हे, तो जुनाच जुलूम नव्या तालावर आहे, आणि तो श्रोत्यांनीच नाकारावा. माइक हाती घेणाऱ्या मराठी पोरापोरींना एवढंच सांगणं आहे: राग सोडू नका, भीड बाळगू नका, पण ज्याचा राग आहे त्याचंच नाव घ्या, त्याच्या आईला त्यात ओढू नका.